डाइम लहान, निकेल मोठं: मालवणच्या वर्गातलं डॉलर ओळखण्याचं एक प्रकरण

हे प्रकरण एका विद्यार्थिनीचं आहे. वय साठीला टेकलेलं, शिक्षण चौथीपर्यंत, आणि उभं आयुष्य मालवणच्या बाजारात मासळी विकण्यात गेलेलं. नाव इथे देत नाही. वर्गात सगळे त्यांना काकी म्हणत, मीही तेच म्हणते. प्रश्न साधा दिसत होता: अमेरिकेतली नाणी आणि नोटा ओळखता येणं. तो साधा नव्हता, आणि तो कसा सुटला, कुठे अजून सुटायचा आहे, हे प्रौढांना इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचा वर्ग संध्याकाळचा. तारकर्ली-देवबागकडे घरगुती राहण्याजेवणाची सोय चालवणाऱ्या बायका, पर्यटकांना होडीतून फिरवणारी मुलं, जहाजावर नोकरीला जाऊ पाहणारे एकदोघं, असे सगळे मिसळून बसतात. काकी आल्या त्या वेगळ्या कारणाने. त्यांची मुलगी न्यू जर्सीत असते, तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं आणि काकी तिकडे काही महिने राहायला जाणार होत्या. मुलीने सांगितलं होतं की तिथे सगळं कार्डावर चालतं, पैसे ओळखायची काही गरज नाही. काकींना ते पटलं नव्हतं. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "चेडवाकडे दर खेपेक हात पसरूचो नाय माका." आणि मी संख्यांचा तक्ता पुढे केला तेव्हा: "पैशे मोजूक माका शिकवू नको, बाय. तेंचे पैशे ओळखूक शिकव."

या दोन वाक्यांत अख्ख्या अभ्यासक्रमाची मांडणी होती. प्रौढ शिकणाऱ्यांसाठी मिळणारं नाण्यांचं साहित्य बहुतेक वेळा प्राथमिक शाळेतून उचललेलं असतं: रंगवायची चित्रं, जोड्या लावा, पाच अधिक दहा किती. लिलावात उभ्या उभ्या टोपलीचा भाव करणारी, वाट्यांचा, म्हणजे मासळीच्या लहान ढिगांचा, हिशेब तोंडी सांभाळणारी, उधारी महिनोन्महिने डोक्यात ठेवणारी बाई या कागदांपुढे बसवणं हा तिचा अपमान आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तिला मोजता येतं. तिला येत नाही ते वेगळंच काहीतरी असतं, आणि ते नेमकं काय हे आधी शोधावं लागतं.

हाताला काय माहीत होतं

बाजारात काकींचे हात सतत ओले. नोटा कमरेच्या प्लास्टिकच्या पिशवीत. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, खाली न बघता, त्या बरोबर नोट काढत. मी हे बाजारात जाऊन पाहिलं. आपल्या नव्या नोटांची लांबी वेगवेगळी असते: दहाची १२३ मिलिमीटर, शंभराची १४२, दोनशेची १४६, पाचशेची १५०. शंभराची जांभळट, दोनशेची पिवळी, पाचशेची करडी. पाचशेच्या दोन्ही कडांना पाच तिरप्या उंचवट्याच्या रेघा, शंभराच्या चार. काकींनी या रेघा कधी मोजल्या नसतील, पण बोटं त्यांच्यावरून फिरत होतीच. गांधीजींचा चेहरा सगळ्याच नोटांवर आहे, त्यामुळे चेहरा बघून नोट ओळखायची सवय आपल्यापैकी कोणालाच नाही. हे पुढे फार महत्त्वाचं ठरलं.

नाण्यांचंही तसंच. काकींच्या पिढीला पाच पैशांचं चौकोनी, वीस पैशांचं षटकोनी, दहा पैशांचं लाटांच्या कडेचं नाणं चांगलं आठवतं. आकारावरून किंमत ही त्यांच्या लहानपणीची शिकवण. अलीकडच्या स्टीलच्या एक आणि दोन रुपयांच्या नाण्यांवर त्यांचा राग आहे, कारण ती घाईत सारखीच लागतात. पण त्यांच्यावरही आकडा ठळक असतो, म्हणून निभावतं.

पहिली बैठक

नाणी खरी हवीत, हा माझा आग्रह होता. कागदावर छापलेल्या चित्रात सगळी नाणी एकाच मापाची येतात, वजन नसतं, कड नसते, म्हणजे ओळखीच्या चार खुणांतल्या तीन आधीच गळून पडतात. सुदैवाने आमच्या किनाऱ्यावर खरी नाणी मिळवणं अवघड नाही. जहाजावर जाऊन आलेल्या मुलांच्या घरी डब्यांत परदेशी चिल्लर पडून असते. नोटा बदलून मिळतात, नाणी सहसा कोणी बदलून देत नाही, म्हणून ती साठत जातात. दोन घरांतून पुरेशी जमली.

टेबलावर पेनी (एक सेंट), निकेल (पाच), डाइम (दहा) आणि क्वार्टर (पंचवीस; शंभर सेंटचा एक डॉलर) ठेवली आणि काही न सांगता काकींना चढत्या किमतीने लावायला सांगितलं. त्यांनी प्रत्येक नाणं उलटंपालटं केलं, दिव्याखाली धरलं. "ह्येच्यार आकडो खंय आसा?" इंग्रजी आकडे त्यांना वाचता येतात, फोनमुळे सगळ्यांनाच येतात. त्यांना आकडा सापडला तो २०१६. ते टांकसाळीचं वर्ष.

अमेरिकेच्या रोजच्या नाण्यांवर किंमत आकड्यात नसते. पेनीवर 'वन सेंट' आणि निकेलवर 'फाइव्ह सेंट्स' असं अक्षरांत असतं, क्वार्टरवर 'क्वार्टर डॉलर', आणि डाइमवर नुसतं 'वन डाइम'. दहा हा शब्दसुद्धा त्यावर कुठे नाही. इंग्रजी नुकतीच शिकू लागलेल्या माणसाला ही चारही नाणी मुकी असतात.

मग काकींनी आकाराचा आधार घेतला. डाइम सर्वांत लहान, म्हणून सर्वांत स्वस्त. मग पेनी, मग निकेल, मग क्वार्टर. क्वार्टर बरोबर शेवटी आलं, बाकीची रांग चुकली. डाइमचा व्यास १७.९१ मिलिमीटर, पेनीचा १९.०५, निकेलचा २१.२१ आणि क्वार्टरचा २४.२६. म्हणजे दहा सेंटचं नाणं एका सेंटच्या नाण्याहूनही लहान आणि पाच सेंटच्या नाण्यापुढे तर पोरसवदा. काकींचा तर्क तर्क म्हणून अगदी बरोबर होता.

खरा क्रम सांगितला तेव्हा त्या अडून बसल्या. "ह्यां ल्हानसां नाणां म्हाग कित्याक?" पाठ करा म्हणून हा प्रश्न मिटवता आला असता. पण कारण न कळता पाठ केलेली गोष्ट घाईच्या वेळी पहिली निसटते, आणि परक्या देशातल्या दुकानाच्या गल्ल्यापुढे घाईच असते.

तराजू

कारण चांदीत आहे. डाइम आणि क्वार्टर ही मुळात चांदीची नाणी. १९६४ पर्यंत त्यांत ९० टक्के चांदी असे, आणि जितकी किंमत तितकी चांदी असा हिशेब होता. १९६५ च्या कायद्याने या दोन नाण्यांतली चांदी काढली आणि तांब्या-निकेलचं मिश्रण आलं, पण मापं तीच ठेवली. पाच सेंटचं निकेल मात्र चांदीच्या घरातलं नव्हे. ते १८६६ पासून तांबं आणि निकेल या स्वस्त धातूंचं, म्हणून ते मोठं करणं परवडलं. त्याआधी पाच सेंटचंही चांदीचं नाणं होतं आणि ते डाइमहून चिमुकलं होतं.

हे मी बोलून दाखवलं असतं तर अर्धं हवेत गेलं असतं. ओळखीच्या सोनाराकडून छोटा दोन पारड्यांचा काटा मागून आणला. एका पारड्यात पाच डाइम, दुसऱ्यात दोन क्वार्टर. दोन्हीकडे पन्नास सेंट. काटा मधोमध थांबला. डाइमचं वजन २.२६८ ग्रॅम आणि क्वार्टरचं ५.६७, तेव्हा दोन्हीकडे ११.३४ ग्रॅम भरतात. मग एका पारड्यात दोन डाइम आणि दुसऱ्यात एकच निकेल. निकेलचं पारडं खाली गेलं. पाच सेंटचं एक नाणं वीस सेंटच्या दोन नाण्यांहून जड.

काकींनी जन्मभर तराजू हाताळलेला. त्यांनी स्वतःच पारडी रिकामी करून पुन्हा भरली, निकेल बाजूला सारलं आणि सांगितलं की डाइम-क्वार्टर ही एका जातीची आणि हे दुसऱ्या. त्यानंतर डाइमची किंमत त्यांनी एकदाही चुकवली नाही. या प्रकरणातला कलाटणीचा क्षण कुठला असं कोणी विचारलं तर मी हाच सांगेन.

कडेची खूणही याच गोष्टीतून निघाली. चांदीच्या नाण्यांच्या कडा लोक कापून चोरत, म्हणून त्यांना बारीक खाचा पाडत. आजही डाइम आणि क्वार्टरच्या कडेला खाचा आहेत, पेनी आणि निकेल गुळगुळीत. अंगठ्याच्या नखाने कड खरवडली की कळतं. आम्ही नाणी कापडी पिशवीत टाकली आणि न बघता काढायचा सराव केला: खाच आणि लहान तर डाइम, खाच आणि मोठं तर क्वार्टर, गुळगुळीत आणि जाड तर निकेल. पेनी रंगानेच कळते, तांबूस. तिच्यावर फार वेळ घालवला नाही. अमेरिकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये चलनासाठी पेनी पाडणं थांबवलं आहे. जुन्या पेनी चालतात, पण रोख व्यवहार पाचच्या पटीत धरणारी दुकानंही आता आहेत, एवढं सांगून पुढे गेलो.

चेहऱ्यांचा पाठ मी जाणूनबुजून वगळला. बहुतेक साहित्यात तो पहिला असतो: लिंकन म्हणजे पेनी, वॉशिंग्टन म्हणजे क्वार्टर. पण लिंकन पाच डॉलरच्या नोटेवरही आहे, वॉशिंग्टन एक डॉलरच्या नोटेवरही, आणि निकेलवरचा जेफरसन दोन डॉलरच्या नोटेवर. ज्याला हे चेहरे परके आहेत त्याच्यासाठी ही ओळख नव्हे, गोंधळ आहे. क्वार्टरची मागची बाजू तर १९९९ पासून सारखी बदलते आहे, आधी एकेका राज्याची चित्रं, मग राष्ट्रीय उद्यानं आणि स्थळं, मग कर्तबगार स्त्रिया. मागचं चित्र वेगळं दिसलं म्हणून नाणं वेगळं समजू नका, हे मात्र निक्षून सांगावं लागलं.

मोजण्यात काकी आमच्या पुढे होत्या. क्वार्टर म्हणजे पाव डॉलर, एवढं कळल्यावर पाच नाणी म्हणजे सव्वा, सात म्हणजे पावणेदोन, दहा म्हणजे अडीच, हे त्यांनी श्वास न घेता सांगितलं. वर्गातली शिकलेली मुलं फोनवर गुणाकार करत होती.

नोटा

नोटांचा प्रश्न उलटा. आकडा आहे, चारही कोपऱ्यांत आहे, पण बाकी काहीच वेगळं नाही. एक डॉलरपासून शंभरापर्यंत प्रत्येक नोट साधारण १५६ बाय ६६ मिलिमीटर. २००३ पासून पाच ते शंभरच्या नोटांना एकेक करून फिकट रंगछटा दिल्या, वीसला हिरवट आणि फिकट नारिंगी, पाचला जांभळट, शंभराला निळी पट्टी. तरी दिव्याच्या उजेडात त्या बहिणी-बहिणी दिसतात. दृष्टिहीनांना या नोटा स्पर्शाने ओळखता येत नाहीत, म्हणून तिथल्या संघटनेने सरकारला न्यायालयात नेलं आणि २००८ मध्ये अपील न्यायालयानेही त्यांच्या बाजूने कौल दिला. म्हणजे काकींच्या बोटांना जे जाणवलं ते काही त्यांचं उणेपण नव्हतं.

सरावासाठीच्या कागदी नोटा मी एकाच बाजूला छापलेल्या आणि खऱ्याच्या दीडपटीहून मोठ्या केल्या. अमेरिकेच्या नियमात प्रतिकृती एकतर्फी आणि मापाने पाऊणपटीहून लहान किंवा दीडपटीहून मोठी असावी लागते. शिक्षकांनी हे पाळावं, विद्यार्थी विमानतळावरून जाणार असतो. मापाची खरी जाणीव यावी म्हणून शेवटी शेवटी मुलीने पाठवलेल्या खऱ्या एक, पाच आणि वीसच्या नोटा वापरल्या.

सवय बदलायची होती: बोटांनी काढायचं नाही, कोपरा बघून काढायचं. काकींनी स्वतःच तोडगा काढला. बटव्याच्या एका कप्प्यात फक्त एकच्या नोटा, दुसऱ्यात पाच-दहा, आणि वीस दुमडून आत. देताना नोट टेबलावर सपाट ठेवायची आणि आकडा मोठ्याने म्हणायचा: "ट्वेंटी."

एक भीती वेगळीच निघाली. जुनी, लहान चेहऱ्याची एक नोट दाखवली तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा बाजारात ताजी मासळी पडून राहिली होती, ते त्यांनी भोगलं आहे. जुनी नोट म्हणजे धोका, हा धडा तेव्हाचा. अमेरिकेने १८६१ पासून काढलेल्या आपल्या नोटा रद्द केलेल्या नाहीत, जुन्या नक्षीच्याही चालतात, हे पटवायला बराच वेळ गेला. तो द्यायलाच हवा होता. पैशाबद्दलची भीती घेऊन माणूस गल्ल्यापुढे उभा राहिला तर शब्द फुटत नाहीत.

कान

सर्वांत अवघड भाग हा, आणि साहित्यात सर्वांत कमी जागा याला. पैसे ओळखले, मोजले, तरी समोरची व्यक्ती किती म्हणाली हे कळलं नाही तर सगळं फुकट. गल्ल्यावरची मुलगी "थ्री डॉलर्स अँड फोर्टी-फाइव्ह सेंट्स" असं म्हणत नाही. ती म्हणते "थ्री फोर्टी-फाइव्ह", आणि अमेरिकन तोंडात ते "फोर्डी-फाइव्ह" होतं.

काकी फोर्टी-फाइव्ह ऐकून चोपन्न सेंट मांडत. आपण पंचेचाळीस म्हणताना पाच आधी ऐकतो आणि चाळीस नंतर. इंग्रजीत एकवीसपासून पुढे दशक आधी येतं. उपाय म्हणून पहिला शब्द ऐकताच तेवढे डाइम पुढे सरकवायचे, मग दुसऱ्या शब्दाची वाट बघायची. "फोर्टी" ऐकलं की चार डाइम, "फाइव्ह" ऐकलं की एक निकेल. तोंडाने काही बोलायचं नाही. मी किंमत म्हणायची, त्यांनी पैसे मांडायचे. हा सराव रोज होता, कंटाळा येईपर्यंत.

दुसरी अडचण फिफ्टीन-फिफ्टी, थर्टीन-थर्टी या जोड्यांची. तेराचा जोर शेवटी असतो आणि त्यातला ट ठणठणीत ऐकू येतो, तिसाचा जोर सुरुवातीला आणि ट मऊ होऊन 'थर्डी'. फिफ्टी-सिक्स्टीत ट मऊ होत नाही, तिथे फक्त जोरावर जावं लागतं. काकींना थर्टी कळू लागलं, फिफ्टीत मात्र शेवटपर्यंत गल्लत होत राहिली. मग वाक्य दिलं: "कॅन यू शो मी, प्लीज?" गल्ल्यावरच्या पडद्यावर आकडा असतोच.

वाक्यं मोजकीच शिकवली. "हाउ मच इज इट?" आणि "डू यू हॅव चेंज फॉर अ फाइव्ह?" ही तर हवीतच. पण सर्वांत जास्त घोटून घेतलं ते "आय गेव्ह यू अ ट्वेंटी." सगळ्या नोटा सारख्या मापाच्या असलेल्या देशात हे वाक्य शांतपणे, नजर न झुकवता म्हणता आलंच पाहिजे. काकींचा आवाज बाजारात रस्त्याच्या पलीकडे ऐकू जातो, इंग्रजीत मात्र तो कुजबुजीवर यायचा. म्हणून हे वाक्य आम्ही उभं राहून, पुरत्या आवाजात म्हणायचो, सगळा वर्ग मिळून.

उरलेले पैसे तपासायची पद्धत काकींनीच वर्गाला शिकवली. वजाबाकी करायचीच नाही, पुरवत जायचं. बिल सहा डॉलर चाळीस, दिले दहा: एक डाइम घातलं की साडेसहा, दोन क्वार्टर घातली की सात, तीन नोटा घातल्या की दहा. होडीवाल्या मुलांनी ही पद्धत लगेच उचलली.

जाण्याआधी एक गोष्ट राहिली होती, ती म्हणजे कर. आपल्याकडे पाकिटावरच्या कमाल किमतीत कर धरलेले असतात. तिथे फडताळावरची किंमत आणि गल्ल्यावरची किंमत वेगळी. न्यू जर्सीत विक्रीकर ६.६२५ टक्के, पण घरी शिजवायच्या बहुतेक खाद्यपदार्थांवर आणि कपड्यांवर तो नाही. म्हणजे दुधाची किंमत दिसते तीच, पण तीन डॉलरच्या साबणाचे तीन डॉलर वीस सेंट होतात. हे आधी माहीत नसेल तर फसवलं असं वाटतं आणि बाचाबाची होते, किंवा त्याहून वाईट, माणूस पुन्हा दुकानात जात नाही. काकींनी ठरवलं की खाण्याची नसलेली वस्तू घेताना एक डॉलर जास्त हातात धरायचा.

तिथे गेल्यावर

पहिले काही आठवडे मुलगी सोबत असे. मग काकी एकट्या कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊ लागल्या, दूध, अंडी, कांदे. फोनवर त्यांनी सांगितलेल्या अडचणी माझ्या यादीत नव्हत्या. एका मोठ्या दुकानात माणसाऐवजी यंत्र होतं आणि ते फक्त कार्ड घेत होतं, तिथून त्या परत आल्या. एकदा मागे रांग लागली म्हणून गडबडून वीसची नोट देऊन मोकळ्या झाल्या आणि घरी चिल्लर साठत गेली. ती मुलीने इमारतीतल्या कपडे धुण्याच्या यंत्रासाठी वापरली, त्याला क्वार्टरच लागतात. "आय गेव्ह यू अ ट्वेंटी" अजून वापरायची वेळ आली नाही.

नाण्यांत एकदाही चुकल्या नाहीत. ऐकण्यात चुकतात, पण पडद्याकडे बोट दाखवतात आणि निभावतं. माझ्या दृष्टीने नाण्यांचा भाग पुरा झाला, कानाचा व्हायचा आहे, आणि पुढच्या वेळी कानाचा सराव मी पहिल्या दिवसापासून नाण्यांच्या बरोबरीने घेणार आहे. जहाजावर जाणाऱ्या मुलांच्या तुकडीत तो आत्ताच तसा सुरू केला आहे. त्यांना नाणी थोडी आणि नोटा झपाट्याने हाताळाव्या लागतील, तेव्हा त्यांचं प्रमाण वेगळं ठेवलं आहे.

मध्यंतरी काकींनी एका पाटीचा फोटो पाठवला. रसाच्या बाटल्यांखाली मोठा दोन, मग तिरकी रेघ, मग पाच डॉलर. त्यांनी तो अपूर्णांक समजून दोन पंचमांश डॉलर, म्हणजे चाळीस सेंट धरले होते आणि इतका स्वस्त रस कसा म्हणून बाटली न उचलताच परत आल्या होत्या. फोनवर सांगितलं की दोन बाटल्यांचे मिळून पाच. क्षणभर थांबून म्हणाल्या, "म्हणजे वाट्याचो भाव." काही दुकानांत एक घेतली तरी अडीचच लागतात, काहींत एकीला पूर्ण दर पडतो, आणि ते पाटीवर खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. आता त्या दर रविवारी दोनतीन पाट्यांचे फोटो पाठवतात आणि आम्ही ती बारीक अक्षरं वाचतो.